सोनं चोख, धूर कोणाचा?

सोलापूरच्या खडकात सोनं नाही. आपल्या पायाखालचा काळा पाषाण लाव्हारसाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. विहीर खणताना त्यात गारगोट्या निघतात, एखादा स्फटिक निघतो, पण सोन्याची शीर लागत नाही. सोन्याचा दगड बघायचा तर कृष्णा ओलांडून रायचूर जिल्ह्यात हट्टीला जावं लागतं. तिथला खडक आपल्यापेक्षा कितीतरी जुना, अडीच अब्ज वर्षांच्या घरातला. अशोकाचं नाव असलेला मस्कीचा शिलालेख याच पट्ट्यात १९१५ साली सापडला, आणि सापडला तोही बीडन नावाच्या एका इंग्रज सोनेखाण अभियंत्याला. कोलारची खाण २००१ साली बंद पडल्यापासून देशात खडकातून सोनं काढणारी मुख्य खाण ती हट्टीचीच.

तरीही दगडातल्या सोन्याची गोष्ट सोलापूरकराच्या कामाची आहे. दगड फोडून, दळून, धुऊन जे हाताला येतं ते चोख सोनं नसतं. त्यात चांदी असते, तांबं असतं, लोखंड-शिसं असतं. मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, टाकणखार आणि सोरा घालून आटवलं की लोखंड-शिशासारखी हिणकस धातू मळीत निघून जातात, पण चांदी काही केल्या सोन्याचा संग सोडत नाही. तिला वेगळं करायचं काम उरतं. सराफ पेठेत मोडीत आलेली पाटली, कारागिराच्या पाटाखालची झार, म्हणजे सोन्याचे कण मिसळलेली धूळ, पॉलिशच्या ब्रशात अडकलेली भुकटी यांचंही शेवटी हेच करावं लागतं. खाणीतली लगड असो की दुकानातली, मुशीच्या पुढचं रसायनशास्त्र एकच. खाण जगाच्या पाठीवर कुठेही असेल, गलाई, म्हणजे सोनं गाळून चोख करायचं काम, मात्र आपल्या गल्लीत होते.

आणि ती करणारी माणसंही आपलीच. सांगोला, आटपाडी, खानापूर-विटा, माण-खटाव या कोरडवाहू पट्ट्यातली कुटुंबं गलाईच्या धंद्यावर देशभर पसरली. केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत सराफ बाजाराच्या मागच्या बोळात गेलात तर तिथे मराठीत बोलणारा गलाईवाला भेटण्याची शक्यता मोठी. पाऊस दगा देतो म्हणून गावातल्या पोरांनी हा धंदा धरला आणि त्यावर घरं उभी केली, शाळा-देवळांना देणग्या दिल्या. त्यामुळे हा धंदा घाणेरडा आहे, बंद करा, असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. सोन्याचा कस काढायची शिस्त आपण लावली. त्या कामातून निघणाऱ्या धुराला आणि पाण्याला मात्र अजून धनी नाही. तो धनी नेमायचा तर दुकानं उठवून चालणार नाही. तेजाबाचं काम तेवढं दुकानातून उचलून एका सामायिक जागी न्यावं लागेल, आणि त्यात महापालिकेने, सराफांनी आणि गलाईवाल्यांनी पैसे घालावे लागतील.

आधी धूर म्हणजे काय ते पाहू. तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड, चांदी आणि तांबं विरघळवतं, सोन्याला हात लावत नाही. पण लगडीत सोनं जास्त असेल तर तेजाब आत शिरतच नाही. सोनंच चांदीभोवती भिंत होऊन बसतं. म्हणून गलाईवाला आधी उलटंच काम करतो. सोन्यात मुद्दाम आणखी चांदी मिसळतो, इतकी की सोनं एकूण वजनाच्या चौथाईवर यावं. मग आटणी, मग पाण्यात ओतून दाणे, आणि मग ते दाणे तेजाबात. चांदी पाण्यासारखी विरघळते आणि तळाशी विटकरी-तपकिरी सोन्याचा गाळ उरतो. तो धुऊन पुन्हा आटवला की पिवळीधमक लगड. पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. अबुल फज्लच्या ऐन-ए-अकबरीत चांदी वेगळी करायची जी ‘सलोनी’ कृती आहे, तिच्यात तेजाब नाही; क्षार, विटेची भुकटी आणि गोवऱ्यांची मंद आच यांवर सोन्याचे पातळ पत्रे पुन्हा पुन्हा तापवायचे. काम वेळखाऊ होतं. तेजाबाने ते तासांवर आणलं, आणि वाचलेल्या वेळेची किंमत फुफ्फुसांवर टाकली.

आता साधं गणित. दहा तोळे, म्हणजे १०० ग्रॅम सोनं काढायचं तर सुमारे ३०० ग्रॅम चांदी विरघळवावी लागते. तीव्र तेजाब वापरलं तर त्यातून सुमारे १२८ ग्रॅम नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. हाच तो तपकिरी, घशाला झोंबणारा धूर. तेजाब पुरेसं पाणी घालून पातळ केलं तर क्रियाच बदलते. आधी रंगहीन नायट्रिक ऑक्साइड निघतो, हवेत आल्यावर त्याचा तपकिरी वायू होतो, पण एकूण हिशेब ४३ ग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे नुसत्या पाण्याने धूर तिपटीने घटतो. देशाच्या हवेच्या मानकात या वायूला २४ तासांच्या सरासरीसाठी घनमीटरला ८० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. त्या मर्यादेत आणायला ४३ ग्रॅम वायूला पाच लाख घनमीटरहून जास्त हवा लागेल. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत हवा असते अवघी ३४ घनमीटर. पंखा लावला, खिडकी उघडली, तरी तो वायू जातो कुठे? शेजारच्या माडीवर. आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे बोळ अरुंद असेल तर तो तिथेच बसून राहतो.

चांदीऐवजी तांबं मिसळून काम भागवणारेही असतात, कारण तांबं स्वस्त. त्यांना हे सांगायला हवं की तेवढ्याच वजनाच्या तांब्याला तेजाब कितीतरी जास्त लागतं आणि पातळ तेजाबातही धूर तिपटीहून अधिक निघतो. चांदीत गुंतवलेले पैसे निदान परत मिळतात.

या वायूची सर्वांत वाईट खोड अशी की तो लगेच पाडत नाही. थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात, माणूस बाहेर येऊन चहा पितो आणि बरं वाटतं. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुफ्फुसात पाणी भरतं. रात्री दवाखान्यात नेलेल्या माणसाबद्दल घरचे ‘दम लागला’ एवढंच सांगतात. दुपारी काय हुंगलं होतं ते कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. त्यामुळे अशा आजारांची कुठे नोंदच होत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याचा प्रश्नही सभागृहात येत नाही.

कायदा कुठे आहे? सोन्याच्या बाजूने तो चांगलाच जागा आहे. २०२१ च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्किंग सक्तीचं झालं, २०२३ च्या एप्रिलपासून सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांकाशिवाय दागिना विकता येत नाही. ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग, त्यात कमी भरलं तर सराफ जबाबदार. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे उत्तमच झालं. पण जो माणूस ते सोनं चोख करतो त्याचं दुकान कायद्याच्या लेखी बहुतेक वेळा कारखानाच नसतं. जुन्या कारखाना कायद्यात विजेवर काम असेल तर दहा माणसांपासून कारखाना सुरू व्हायचा. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती मर्यादा वीसवर गेली. गलाईच्या दुकानात असतात दोन, तीन, फार तर चार माणसं, त्यातला एक मालक आणि एक त्याचा भाचा. त्याच संहितेत एक दार मात्र उघडं आहे. काम धोक्याचं असेल तर एका कामगाराच्या आस्थापनेलाही नियम लावायची मुभा सरकारला आहे. सरकारने तेजाबाच्या कामासाठी ते दार वापरावं, ही मागणी सराफ संघटनांनीच आधी करायला हवी. नंतर त्यांच्यावर लादली जाण्यापेक्षा ते बरं.

या प्रश्नाला नेहमीची दोन उत्तरं मिळतात. पहिलं, ‘शहराबाहेर हलवा’. मुंबईत काळबादेवी-भुलेश्वर भागात सोनं-चांदी गाळणाऱ्या भट्ट्यांची धुरांडी महापालिकेने पाडल्याच्या बातम्या आपण वाचल्या. रहिवाशांचा त्रास खरा होता, कारवाईही चुकीची म्हणता येणार नाही. पण धुरांडं पाडलं म्हणून तेजाबाचं काम थांबतं का? धुरांडं नसलेल्या खोलीत ते चालू राहतं, आणि आधी छपरावर जाणारा वायू आता कामगाराच्या नाकासमोर राहतो.

सोलापुरात ‘हलवा’ म्हणजे एमआयडीसी. तिथलं एक दुःख अजून ताजं आहे. २०२५ च्या १८ मे रोजी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ माणसं गेली. त्यात खुद्द मालक होते, त्यांच्या घरची माणसं होती, कामगारांच्या घरची होती. कारखान्यातच राहणं होतं. औद्योगिक वसाहतीत गेलं म्हणजे घर आणि धोका आपोआप वेगळे होतात, ही समजूत त्या पहाटे खोटी ठरली. गलाईवाल्याला चिंचोळीच्या एमआयडीसीत गाळा दिला तर भाडं परवडावं म्हणून तो तिथेच झोपेल, आणि मग त्याच्या धुराची तक्रार करायला शेजारीसुद्धा नसेल.

शिवाय हा धंदा बाहेर जगत नाही. कारागिराकडे आठ ग्रॅमची झार साठली तर त्याला ती आजच मोडायची असते, संध्याकाळी पैसे हवे असतात, कारण उद्याची मजुरी त्यातून द्यायची असते. मोठमोठे शुद्धीकरण कारखाने देशात आहेत, त्यातल्या एकाला लंडनच्या बाजाराची मान्यताही आहे. पण ते किलोच्या भाषेत बोलतात. आठ ग्रॅम घेऊन त्यांच्या दारात कोण जाणार? मंगळवार पेठेतल्या सराफ कट्ट्यापासून चालत पोचता येईल अशा अंतरावरच गलाई टिकते.

दुसरं उत्तर, ‘गरिबाच्या पोटावर पाय नको’. हे ऐकायला भलं वाटतं, पण यात एक गफलत आहे. पोट ज्याचं सांभाळायचं म्हणता त्याचंच फुफ्फुस या दयेत जळतं. आणि प्रत्येक वेळी गरीब गलाईवाल्याचं नाव पुढे करून सोय होते ती त्याला काम देणाऱ्याची.

जगातल्या छोट्या खाणकऱ्यांकडून इथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. हातांनी दगड फोडून सोनं काढणारे लोक ते कण पाऱ्यात गोळा करतात आणि पारा जाळून टाकतात. माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा याच कामाचा, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या अंदाजाने तीन भागांत एकाहून जास्त. त्यासाठी मिनामाता करार झाला, भारताने तो २०१८ मध्ये मंजूर केला. पण फिलिपिन्सच्या बेंगेट प्रांतातल्या खाणकऱ्यांनी पारा सोडला तो कराराआधी कितीतरी वर्षं. दळलेला जड गाळ नीट धुऊन टाकणखारासोबत सरळ मुशीत आटवला तर पाऱ्यापेक्षा जास्त सोनं हाती येतं, हे त्यांना दिसलं. बारीक कण पाऱ्यातून निसटत होते, ते आता मिळू लागले. आपल्या गलाईवाल्यालाही पर्यावरणावर व्याख्यान नको आहे. त्याची घट, म्हणजे कामात वाया जाणारा माल, कमी होते का, हे सांगा.

घट कमी होऊ शकते, पण एकेका दुकानात नाही. इथेच सामायिक जागेचा मुद्दा येतो. कित्येकांना वाटतं एक एक्झॉस्ट पंखा आणि पाण्याची बादली पुरे. पुरत नाही. नायट्रिक ऑक्साइड पाण्यात नीट विरघळतच नाही; त्याला आधी हवेशी मिसळून डायऑक्साइड व्हायला वेळ द्यावा लागतो, मग कॉस्टिक सोड्याच्या फवाऱ्यातून एकामागून एक टप्प्यांत न्यावं लागतं, आणि तो द्रव थकला की बदलावा लागतो. एका दुकानाच्या आवाक्याबाहेरचं काम आहे हे. वीस-पंचवीस दुकानं मिळून तेजाबाच्या कामाची एकच सामायिक जागा, म्हणजे धूरघर, चालवत असतील तर आवाक्यात येतं. चांदीचं पाणी तांब्याच्या पट्ट्यांवर उतरवून चांदी काढल्यावर उरतं ते निळं-हिरवं पाणी. दुकानात ते मोरीत जातं. सामायिक जागी त्यात भंगार लोखंड टाकून तांबं परत घेता येतं, मग चुन्याने आम्ल मारून उरलेलं निस्तरता येतं. फवाऱ्याबरोबर उडालेली, फडक्यात शोषलेली चांदीही एका जागी असली तर हिशेबात येते.

यावर गलाईवाल्यांचा पहिला आक्षेप विश्वासाचा असेल आणि तो रास्त आहे. दुसऱ्याचं सोनं डोळ्यांआड होऊ द्यायचं नाही, यावरच त्यांची पत उभी आहे. म्हणून ते सोनं कोणाच्या हवाली करायचं नाहीच. धूरघरात ओटे भाड्याने घ्यायचे. ज्याचा माल त्याचं भांडं, त्याचं कुलूप, त्याच्याच माणसाचा हात. वजन, आटणी, टंच म्हणजे शुद्धतेची परीक्षा, खरेदी, पैसे सगळं दुकानातच. तेजाबाचे दोन-तीन तास तेवढे शिंकाळ्याखाली, म्हणजे वरून हवा ओढणाऱ्या छत्रीखाली.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलणार नाही, तेव्हा मीच बोलतो. सामायिक जागेत गेलं की नोंद होईल, नोंद झाली की कर येईल. सोन्याचा भाव तोळ्याला लाखापुढे गेल्यावर ही भीती आणखी वाढणार. माझं मत स्पष्ट आहे: धूरघराने सोनं मोजू नये. किती लिटर तेजाब वापरलं आणि किती वेळ ओटा घेतला एवढंच मोजावं, त्यावर भाडं घ्यावं. करवसुलीसाठी सरकारकडे दुसऱ्या पुरेशा खिडक्या आहेत. आरोग्याच्या जागी कराचा माणूस बसवला की त्या जागेत कोणी फिरकणार नाही. काही वाचकांना ही करचुकवेगिरीला सूट वाटेल. वाटू दे. एका वेळी एकच चोर पकडायचा म्हटलं तर मी आधी धूर पकडेन.

पैशांचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, म्हणूनच त्यावर सर्वांत जास्त बैठका होतील. लघुउद्योगांच्या समूहांना सामायिक सुविधा केंद्र उभारायला केंद्राची योजना आहे, त्यात सरकारचा वाटा मोठा असतो. जागा महापालिकेची. उरलेला भार सराफांनी उचलावा. एका नगाच्या हॉलमार्किंगला गिऱ्हाईक काही रुपये देतंच, घडणावळीत तर हजारो देतं. त्यात धूरघराचे दोन-पाच रुपये कोणाला बोचणार नाहीत. आणि असंघटित कामगारांचं सोलापुरात काही जमत नाही असं कोणी म्हणत असेल तर त्याने कुंभारीला जाऊन यावं. विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने सहकारातून दहा हजार घरं तिथे उभी राहिली, पुढे २०२४ च्या जानेवारीत रे नगरच्या पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. त्यापुढे वीस-पंचवीस ओट्यांचं धूरघर ही काय मोठी गोष्ट?

एक माणूस या सगळ्या चर्चेत हमखास विसरला जातो. झारेकरी. सराफाच्या दारातली धूळ, मोरीतला गाळ विकत घेऊन, धुऊन, त्यातले कण पाऱ्यात गोळा करून तो जगतो. तेजाबाचं निळं पाणी ज्या मोरीतून जातं तिथेच त्याचे हात असतात. २०२५ च्या मे महिन्यात जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक वसाहतीत दागिन्यांच्या कारखान्याच्या टाकीतला गाळ काढायला मजूर उतरवले होते. गाळात सोन्या-चांदीचे कण होते म्हणून. चार जण गुदमरून मेले. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ पासून कायद्याने बंदी आहे, पण गटारात सोनं असलं की बंदी विसरायला होते. धूरघर झालं, तेजाबाचं पाणी मोरीत जायचं थांबलं, तर झारेकऱ्याचा धोका कमी होईल. पण मोरीतला मालही कमी होईल. त्याचा रोजगार त्याच धूरघरात, गाळ हाताळणाऱ्या पगारी माणसाचा म्हणून आधीच ठरवून टाकायला हवा. हे कलम पहिल्या मसुद्यात नसेल तर ते नंतर कधीच येत नाही.

सुरुवातीला धूरघराचीही वाट बघायची गरज नाही. ॲसिडच्या सुट्या विक्रीची नोंद ठेवा, घेणाऱ्याचं नाव, ओळख आणि कारण लिहा, असं सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडहल्ल्यांच्या प्रकरणात २०१३ सालीच बजावलं आहे. म्हणजे सोलापुरात महिन्याला किती तेजाब सराफ पेठेकडे जातं, हे कुठल्या ना कुठल्या वहीत लिहिलेलं असायला हवं. महापालिकेच्या आरोग्य विभागाने त्या वह्या मागवाव्यात. वह्या कोऱ्या निघाल्या तर तेही कळेल. आणि तोवर प्रत्येक गलाईवाल्याला एवढं सांगता येईल: तेजाबात पाणी घालायचं नाही, पाण्यात तेजाब घालायचं, पातळ करूनच वापरायचं, आणि संध्याकाळी खोकला आला तर डॉक्टरला दुपारचं काम सांगायचं.